परक्या नदीसाठी विणलेलं जाळं

मे महिना अर्धा सरला की आमच्या सोसायटीच्या फळ्यावर एक सूचना लागते. गच्चीवर मासळी सुकवू नये. नाव कुणाचं नसतं, पण नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीत मासळी सुकवणारी मी एकटीच आहे, हे शेंबड्या पोरांनाही ठाऊक आहे. मी सूचना वाचते, सेक्रेटरींकडे बघून मान डोलावते आणि घरी येऊन बाल्कनीच्या ग्रिलला आतल्या बाजूनं बोंबील अडकवते. बी.कॉम. आहे मी, फर्स्ट क्लास. सूचनेत फक्त गच्ची म्हटलंय, हे मला कळतं.

संध्याकाळी वारा आत येतो आणि वास घरभर होतो. सुक्या बोंबलाच्या वासानं लोकांना समुद्र आठवत असेल. मला हिमालय आठवतो.

हे ऐकून ऑफिसातले लोक हसतात. हसू देत. त्यांनी आमची ती आगोट बघितली नाही.

आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. पनवेलपासून रिक्षाच्या अंतरावर खाडीकाठी आमचं गाव होतं, तिथं या दिवसांत कुणाला मान वर करायला सवड नसायची. अंगणात जवळा पसरलेला, ओट्यावर वाकट्या, दोरीवर बोंबील. डंकावर मसाला कुटायला गेलेल्या बाया लाल डोळ्यांनी परत यायच्या आणि त्यांच्या मागोमाग अख्ख्या आळीला शिंका सुरू व्हायच्या. होड्या काठावर ओढून उलट्या घातल्या जायच्या. वारा फिरलेला असायचा आणि ओहोटीच्या चिखलाचा वास उन्हात शिजल्यासारखा गोडसर यायचा. घर सोडून जायला याच्याइतकी वाईट वेळ वर्षात दुसरी नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत मी घरात जाहीर केलं की आपण सगळे हिमालयात मासे पकडायला जातोय.

आई जवळा उलथत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"कुठं?"

"कुल्लूच्या बाजूला. नदी आहे, डोंगर आहेत, वर गेलं की बर्फ आहे."

"बरफ?" आई म्हणाली. "बरफ काय बघायचा त्यात? माझा आख्खा जलम बरफात हात घालून गेला."

ते खरंच होतं. लग्न झाल्यापासून ती पनवेलच्या बाजारात मासळी विकत होती. बर्फानं तिच्या बोटांची टोकं कायमची पांढुरकी झाली होती.

"आनि मासं मारायला तिकडं जायचं?" ओट्यावरून बाबांनी विचारलं. "का, इथलं संपलं?"

माझा धाकटा भाऊ दिनेश न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. तो जेवता जेवता म्हणाला, "ताई, पुढल्या साली मिठागरवाल्यांना मीठ चाखायला गुजरातला ने."

मी सगळ्यांचं हसून होऊ दिलं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी सांगते, कारण मला सांगायला आवडतं. कॉलेजात सुट्टीनंतर मुली एकमेकींना विचारायच्या, कुठे गेला होतात? कुणी महाबळेश्वर, कुणी उटी. मी म्हणायची, गावाला. आमचं गाव कॉलेजच्या गच्चीवरून दिसायचं. पुढे नोकरी लागली, न्हावा शेव्याच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका कचेरीत. तिथं एक सहकारी उत्तरेत फिरून आली आणि तिनं फोटो दाखवले. डोंगर, देवळं, शालीतले नवरा-बायको. त्यात एक फोटो नदीचा होता. पाणी इतकं नितळ की तळाचे धोंडे मोजावेत. एका धोंड्यावर मासा होता, आणि त्याच्याखाली, धोंड्यावर पडलेली त्याची सावली.

तो फोटो बघितला आणि मला बाबा आठवले.

बाबांनी लहानपणापासून खाडीत मासे मारले. आमच्या खाडीचं पाणी उकळलेल्या चहासारखं. मनगटापर्यंत हात घातला की आपलीच बोटं दिसत नाहीत. पाण्यावरचा शहारा बघून, बगळा कुठं थांबलाय ते बघून, भरतीचा जोर पायाला लावून बाबा जाळं टाकायचे आणि जाळं भरून यायचं. पण मासा पोहताना कसा दिसतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा मासा म्हणजे जाळ्यात फडफडणारा मासा. काचेच्या पेटीतल्या रंगीत माशांना ते मासे म्हणतच नाहीत. "ती खेलनी हायत," म्हणतात.

मला एवढंच हवं होतं. आयुष्य ज्याच्यामागे घालवलं तो मासा बाबांनी एकदा तरी त्याच्या घरात, पाण्यात, जिवंत फिरताना बघावा. आणि तेही लवकर. विमानतळ येणार, खाडीत भराव पडणार, गाव हलणार, अशी बोलणी तेव्हा पारावर रोज चालायची. पुढच्या वर्षी बाबांच्या हातात जाळं असेल की नसेल, कुणी सांगावं? त्यानंतर नितळ पाणी दाखवून काय उपयोग होता?

हे मी घरात बोलले नाही. आमच्याकडे अशी बोलणी तोंडावर होत नाहीत. मी म्हणाले, ऑफिसची रजा मिळतेय, गाडीची तिकिटं मिळतायत, होड्या तशाही वर ओढायच्याच आहेत.

मग सुरू झाली ती तयारी. आजही मला ट्रिपपेक्षा ती तयारी जास्त आठवते. भर मे महिन्यात आम्ही पनवेलच्या बाजारात स्वेटर मागितले. दुकानदारानं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग माळ्यावरून धुळीचं गाठोडं काढायला पोऱ्याला वर चढवलं. आईनं लाल स्वेटर घालून बघितला. तिच्या कपाळावरून घामाची धार लागली, तरी ती आरशासमोरून हलेना.

"गरम होतं का?" दुकानदारानं विचारलं.

"होतं," आई म्हणाली. "म्हंजे चांगला हाय."

तिनं स्वतःसाठी कानटोपीही घेतली. घरी येऊन ती घालून ती जवळा निवडायला बसली. शेजारच्या हिराकाकी कुंपणावरून बघतच राहिल्या. "काय गो, डोस्कं दुखतंय का?"

"कुल्लूला चाल्लोय," आईनं मान न वळवता सांगितलं. आदल्या आठवड्यात आगोट सोडून कोण जातं म्हणून माझ्याशी भांडलेली ती हीच माझी आई.

बाबा मात्र हो म्हणेनात, नाही म्हणेनात. एका संध्याकाळी सहज बोलल्यासारखं त्यांनी विचारलं, "त्यो मासा केवढा असतो?"

मी हातानं दाखवलं.

"अंगानं जाड का चपटा?"

ते मला कुठं ठाऊक? ज्यांच्या घरी आम्ही उतरणार होतो त्या ठाकूरजींना मी फोन लावला. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, पाणी कमरेएवढं का छातीएवढं? पुन्हा फोन. मग धार केवढी, तळाला रेती का धोंडे? पुन्हा फोन. शेवटी ठाकूरजी म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानना, आप लोग काम क्या करते हो?"

"मछली का," मी म्हणाले.

"तो फिर छुट्टी में भी मछली?"

त्याच आठवड्यात बाबांनी नायलॉनचा नवा दोरा आणला आणि ओट्यावर जाळं विणायला बसले. फेकायचं गोल जाळं, आम्ही त्याला पाग म्हणतो. भोकं त्या माशाच्या अंगाच्या हिशेबानं, धार जोराची म्हणून कडेला शिशाचे मणी जरा जड. आमच्या घरात याला होकार म्हणतात. गावातली माणसं येता-जाता थांबायला लागली. "कुनासाठी रं?" "हिमालयाला," बाबा म्हणायचे, आणि सुई खाली-वर करत राहायचे. त्यांच्या आवाजातली ही ऐट मी तोवर फारशी ऐकली नव्हती. माझ्या निकालाच्या दिवशी एकदाच ऐकली होती, पेढे वाटताना.

जाळं निम्म्याच्या वर झालं होतं तेव्हा ठाकूरजींचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलताना मी जाळ्याचं सांगितलं, तसे ते दचकले. "जाल? नहीं नहीं मॅडम. यहाँ जाल मना है. परमिट लेना पड़ता है, और सिर्फ़ काँटा चलता है."

काटा म्हणजे गळ. आमच्याकडे त्याला गरी म्हणतात, आणि गरी टाकतात ती शाळा चुकवलेली पोरं, नाहीतर होडी सुटलेले म्हातारे. हाताशी जाळं असलेला माणूस गरी घेऊन काठावर बसला की गाव समजतं, याचं आता संपलं.

मी त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता. ऐकताना त्यांची सुई थांबली, मग सुरू असलेली ओळ शेवटपर्यंत गेली आणि पुन्हा थांबली.

"पैसं भरायचं," ते सावकाश म्हणाले, "आनि गरी टाकायची."

दिनेशला हसू आलं. आईनं नुसतं त्याच्याकडं बघितलं, आणि तो ताट घेऊन आत गेला.

बाबांनी जाळं गुंडाळून आढ्याला टांगलं. "तुमी जा," ते म्हणाले. "मी घर बघतो. आगोट हाय, कुनीतरी पायजे."

ते दिवस वाईट गेले. मासळी सुकत होती, मसाला झाला होता, तिकिटं कपाटात होती आणि ओट्यावर बसणारा माणूस ओट्यावर बसत नव्हता. आईनं तिच्या पद्धतीनं प्रयत्न केला. "आनि ह्या टोपीचं काय करू? खाडीवर घालून जाऊ का भरतीला?" बाबा उठून काठाकडे गेले. मी त्यांना समजवायला गेले नाही. गरीत कमीपणा काय आहे, तिथं मोठेमोठे लोक गरी टाकतात, हे मी कुणाला सांगणार? ज्यानं जाळ्याच्या कमाईवर मला शिकवलं त्याला? रजा रद्द करावी, असं ठरवून मी अर्जाचा मजकूरसुद्धा मनात जुळवला होता.

रविवार होता. मी केस धुऊन उन्हात बसले होते. बाबा येऊन शेजारी टेकले.

"बाय, ती नदी जाते कुठं?"

"कुठली?"

"तीच ती. तुझी. कुठं तरी मिलत आसंल ना?"

बी.कॉम.ला नद्या नसतात. मी आत जाऊन दिनेशचा शाळेतला नकाशांचा ॲटलास शोधला. पानं वाळवीनं खाल्ली होती, पण उत्तर भारत शाबूत होता. अंगणात जवळ्याच्या कडेला पुस्तक ठेवून मी बोटानं रेघ धरली. आमची छोटी नदी बियासला मिळते. बियास सतलजला. सतलज सीमेपलीकडे जाऊन शेवटी सिंधूला. सिंधू खाली, खाली, खाली.

"कंच्या दर्याला?"

"अरबी."

बाबांनी माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं. जाळ्यानं कापलेलं, मिठानं तडकलेलं त्यांचं बोट त्या निळ्या रंगावरून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली आलं. काठेवाड. डहाणू. मुंबई. मुंबईच्या कडेला एक बारीक खाच होती, तिथं थांबलं.

"म्हंजे आपल्याच दर्याला."

"आपल्याच."

बोट पुन्हा वर गेलं, त्याच वाटेनं उलटं, प्रवाहाच्या विरुद्ध. डोंगरात पोचलं. मग बाबा उठले, आढ्याचं जाळं काढलं आणि राहिलेलं विणायला ओट्यावर बसून म्हणाले, "मंग त्याला पानी दाखवायला पायजे."

आमच्या घरची एक रीत आहे. जाळं पुरं झालं की त्याला आधी पाणी दाखवतात. काठावर हळदकुंकू, एक नारळ, आणि जाळ्याची कड बुडवून बाहेर काढायची. त्या दिवशी त्या जाळ्यानं मासा मारत नाहीत. ज्या पाण्यासाठी विणलं त्याच पाण्याला दाखवायचं. पाणी न पाहिलेलं जाळं आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. बाबा इतके दिवस नुसते रुसले होते असं मला वाटत होतं. त्यांच्या डोक्यात हा घोर होता. परक्या पाण्यासाठी विणून बसलोय आणि त्या पाण्यात जाळ्याला बंदी, मग याचं करायचं काय? पण पाणी परकं नाही म्हटल्यावर गाठ सुटली.

मी ठाकूरजींना फोन केला. समजावून सांगायला बराच वेळ लागला. शेवटी ते म्हणाले, "पूजा है तो पूजा है. गार्ड से मैं बात करता हूँ. पर मॅडम, बाबूजी का हाथ पकड़ के रखना. आदत से फेंक न दें."

मग घराला पंख फुटले. उरलेली आगोट चार दिवसांची होती, ती आम्ही दोनात उरकली. दिनेशनं ट्रेलरची पाळी बदलून घेतली. हिराकाकींनी आमच्या सुकटीची राखण पत्करली, "येताना माझ्यासाठी बरफ आन" म्हणून. आईनं सोड्यांचा डबा पिशवीत, पिशवी चादरीत, चादर बॅगेत घातली आणि तरीही गाडीतल्या सहप्रवाशांनी वडोदऱ्यापर्यंत नाकाला रुमाल लावला. बाबा खिडकीशी होते. प्रत्येक पुलावर वाकून बघायचे. नर्मदेला हात जोडले. बाकीच्या बऱ्याच नद्यांना "सुकी" एवढंच म्हणून पुढं सोडलं.

पोचल्यावर पहिल्या सकाळी आम्ही नदीवर गेलो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ यायची. बाबांनी आईची कानटोपी घातली होती. वनखात्याचा गार्ड हाताची घडी घालून धोंड्यावर उभा होता आणि त्याची नजर त्या जाळ्यावरून हलत नव्हती. बाबांनी पनवेलहून आणलेला नारळ फोडला, कुंकू वाहिलं, जाळं खांद्यावर घेतलं. त्या क्षणी गार्ड एक पाऊल पुढं आला आणि खरं सांगते, मीही. पण बाबा वाकले, शिशाच्या मण्यांची कड त्या पाण्यात सोडली, क्षणभर धरली आणि वर काढली. पाणी ठिबकत राहिलं. गार्डनं डोक्यावरची टोपी काढली होती.

मग ठाकूरजींनी गरी आणली. बाबांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि आईच्या हातात दिली. "धर." ते स्वतः एका मोठ्या धोंड्यावर जाऊन पाण्यात बघत बसले.

आणि त्यांना दिसला.

मी जवळ होते. त्यांनी बोट नाही दाखवलं, नुसती मान पुढं केली. धोंड्याच्या आडोशाला एक ठिपक्याठिपक्यांचा मासा होता. खाली त्याची सावली.

"बसलाय का?" मी विचारलं.

"नाय. पोवतोय," बाबा कुजबुजले. "बघ, तोंड धारंकडं हाय. पोवतोय आनि जाग्यावरच हाय."

ते बराच वेळ तसेच बसले. मासा गेला, परत आला, दुसरा आला. बाबा मधून मधून "आं" म्हणायचे, गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखे. डोंगर, देवदार, वरचा बर्फ, कशाकडेच त्यांनी त्या सकाळी बघितलं नाही. आम्ही पुढं बर्फही बघून आलो. आईनं तो हातात घेऊन दाबला आणि निर्णय दिला, "आपल्या बाजारातला घट्ट असतो."

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. आई गरी धरून कंटाळून उभी होती, आणि एकदम किंचाळली. दिनेश धावला, ठाकूरजी धावले, आणि मासा आला बाहेर, काठावर उड्या मारत. जन्मभर मासे विकलेल्या आईनं पहिल्यांदा मासा धरला होता. तिनं त्याला सवयीच्या हातानं उचललं, अंगठ्यानं कल्ला उघडला, आत बघितलं आणि गंभीरपणे म्हणाली,

"ताजा हाय."

दिनेश तर गवतात लोळलाच. गार्डला काय झालं ते कळलं नाही, पण तोही हसला. बाबा धोंड्यावरून वळले आणि बाजारातल्या गिऱ्हाइकासारखे म्हणाले, "किती घेनार वाटा?"

आता ते गाव तिथं नाही. खाडीचा आमच्या समोरचा भाग भरावाखाली गेला, घरं नव्या वसाहतीत गेली. आई-बाबा दिनेशकडे असतात. दोन खोल्यांत पंखा, फ्रीज, सगळं आहे, आणि आढं नाही. तरी खाडी पुरती गेलेली नाही. उरलीय तेवढ्यावर बाबा अजून जातात आणि मला मासळी पोचती करतात. ग्रिलवरचे बोंबील बाजारचे असतात, पण बोय आणि कोळंबी त्यांची. सेक्रेटरींनाही मी देते. ते घेतात.

त्या पावसाळ्यातली नारळी पौर्णिमा मला लख्ख आठवते. होड्यांना रंग लागला होता, गाव नटलं होतं. मी ऑफिसला जाण्याआधी काठावर गेले, कारण बाबा हिमालयासाठी विणलेलं ते जाळं पहिल्यांदा टाकणार होते. गुडघ्याएवढ्या पाण्यात ते उभे होते, जाळं खांद्यावर, एक कड दातात. पण टाकेनात. खाली वाकून पाण्यात बघत राहिले. जन्मात त्यांनी असं बघितलं नव्हतं. खाडीत बघून काय मिळणार? पाणी तेच, चहासारखं.

"बाबा, काय बघता?"

त्यांनी दातातली कड सोडली. हसले.

"काय दिसत नाय," म्हणाले. "पन हाय."

आणि जाळं फेकलं. ते हवेत उघडलं, पुरतं गोल झालं आणि पाण्यावर पडलं.